वायर न जोडलेला दिवा

मेहकरला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मशीन बंद पडलं की त्याला कारण असतं आणि ते सापडेपर्यंत उठायचं नाही, एवढंच मला कळतं. सासूबाई मुलांची दृष्ट काढतात तेव्हाही मी 'मिरच्या वाया गेल्या' म्हणून कुरकुरते. तेव्हा हे वाचून हसू आलं तर खुशाल हसा... दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसले असते.

डोणगावला सलीमभाईंचा फोटो स्टुडिओ आहे. ते लग्नांचं शूटिंग करतात आणि त्यांची बायको, शाहीनभाभी, दुकानात बसून मिक्सिंग करते, म्हणजे त्या शूटिंगची काटछाट-जोडणी. आसपासच्या गावांतली कितीतरी जोडपी ती चेहऱ्याने ओळखते, जोडप्यांना मात्र ती माहीतही नसते.

सलीमभाई जुनं शूटिंग कधी पुसत नसत. बीटी कपाशी आली तेव्हा आता अळीची कटकट मिटली असं सगळे म्हणायचे. मग एखाद्या वर्षी पानं लाल करून वाळवणारा लाल्या रोग पडला, एखाद्या वर्षी पाऊसच आला नाही, पुढे गुलाबी बोंडअळी आली. लग्नं त्याही वर्षी व्हायची, शूटिंगही व्हायचं, पण नंतर उरलेले पैसे देऊन सीडी न्यायला लोक यायचे नाहीत. बाजारात सलीमभाई दिसले की रस्ता बदलायचे. सलीमभाई म्हणायचे, येतील, पोरीच्या लग्नाची याद कोणी सोडतं का. आणि खरंच यायचे... पाच-सहा वर्षांनीसुद्धा.

ते सगळं शूटिंग साठवायला मी त्यांना एक सर्व्हर बनवून दिला होता. लिनक्सवर चालणारा. पेटी जुनी, औरंगाबादहून आणलेली. समोर सहा ट्रे, प्रत्येकात एक हार्ड डिस्क. सहापैकी एक गेली तर बाकीच्या पाच तिचं काम सांभाळून घेतात; तेवढ्या काळात मशीन मंदावतं, एखादी फाइल अडकतेही. पण ती बदलताना चुकून चांगली डिस्क ओढली, तर सगळंच धोक्यात. म्हणून प्रत्येक ट्रेवर मी मार्करने नंबर टाकले होते. ट्रेवर बारीक दिवेही होते, डिस्क बिघडली की लागणारे — पण त्यांची वायर मी आत घातलेल्या मदरबोर्डाला बसेना. मी ती गुंडाळून आतच बांधून टाकली. त्या पेटीचे दिवे त्यामुळे कधी लागलेच नाहीत.

कापूस वेचणीचे दिवस होते. भाभीचा फोन आला, की लाइट जाऊन आल्यापासून मशीन रडत चालतंय आणि काही फायली उघडत नाहीत. नवी डिस्क पिशवीत टाकून मी एसटीने गेले. पोचले तेव्हा भरदुपार होती. काउंटरजवळ सुलतानपूरची सुशीला बसली होती. तिचं लग्न अशाच एका लाल्याच्या वर्षी झालेलं. सीडी राहिली ती राहिलीच. मधल्या काळात तिचे वडील आजारपणात गेले. घरात त्यांचा एकच फोटो, ओळखपत्रावरचा, आणि तो त्यांच्यासारखा दिसत नाही असं ती म्हणाली. तिला त्यांचा आवाज ऐकायचा होता. न उघडणाऱ्या फायलींत तिच्याच लग्नाची फाइल होती.

मी मशीनसमोर बसले. स्क्रीनवर चौथी डिस्क बाद दाखवत होती. सरळ काम होतं. मी चौथ्या ट्रेच्या खटक्यावर बोट ठेवलं, तेवढ्यात मागून सुशीला म्हणाली,

"ताई, दिवा तर दुसऱ्यावर लागून राह्यला. तुम्ही चौथा काऊन काढून राह्यल्या?"

मी मान न वळवता म्हटलं, त्या दिव्यांकडे लक्ष नका देऊ. तर शाहीनभाभी हळूच म्हणाली, "पाहा तर सही, ताई."

मी पाहिलं. दुसऱ्या ट्रेवरचा दिवा लागला होता. नारिंगी, स्थिर, न मिचकणारा. ऊन पडलं असेल म्हणून मी त्यावर हात आडवा धरला... हाताच्या सावलीत तो आणखी ठळक दिसला.

घाबरले नाही. उलट फार शांत वाटलं, परीक्षेत कुणी हळूच 'पुन्हा वाच' म्हणावं तसं. खटक्यावरचं बोट मी काढलं. बाद डिस्कचा सिरियल नंबर स्क्रीनवरून पाहून घेतला, मशीन रीतसर बंद केलं — दिवाही विझला — आणि एकेक ट्रे काढून डिस्कवरचे नंबर वाचले.

बाद डिस्क दुसऱ्या ट्रेमध्ये होती.

मशीन पुन्हा चालू झालं की लिनक्स कधीकधी डिस्कचे क्रम बदलतं, हे मला ठाऊक होतं. त्या मशीनवर तसं कधी झालं नव्हतं, म्हणून मी निर्धास्त होते. चौथी डिस्क धडधाकट होती. ती ओढली असती तर काय झालं असतं, ते सलीमभाईंना सांगायची हिंमत मला त्या दिवशी झाली नाही.

नवी डिस्क घातली. तिच्यावर सगळं पुन्हा उतरायला वेळ लागणार होता, म्हणून सुशीलाला दुसऱ्या दिवशी बोलावलं. ती आईला घेऊन आली. फाइल उघडली. मांडवात फेटा बांधलेला एक किडकिडीत माणूस हातात बुंदीचं ताट घेऊन कॅमेऱ्यावर खेकसत होता, "मले काय घेऊन राह्यला बे, पोरीले घे न!" सुशीलाची आई तोंडाला पदर लावून हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे वाहत होते. भाभीने तेवढाच तुकडा तिला परत परत लावून दाखवला.

त्या दोघी गेल्यावर मी पेटीचं झाकण उघडलं. दिव्यांची वायर मी बांधली होती तशीच होती, गुंडाळलेली, धूळ बसलेली, टोक मोकळं. सलीमभाईंनी ते टोक हातात धरून पाहिलं आणि चहा सांगितला. पुण्याच्या एका मित्राला विचारलं, तो म्हणाला कुठून तरी करंट उतरला असेल. असेल. पण सहा दिव्यांतून नेमका त्याच दिव्यात? आणि नंतर एकदाही नाही? भाभीचं मत वेगळं आहे. ज्याची पोरगी होती त्याने दाखवलं, असं ती म्हणते. मी होही म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही.

सुशीलाला आम्ही वायरचं काही सांगितलं नाही. तिच्या लेखी मशीन बिघडलं, दिवा लागला, बाईने डिस्क बदलली... बस.