धारेवरचं घर

आर्वीच्या पुढे, सागाचं जंगल सुरू होतं तिथे, टेकडीच्या धारेवर आमची थोडी बरड जमीन आहे. नवरा एसटीत कंडक्टर होता. तो रिटायर झाला तसं आम्ही नालवाडीचं भाड्याचं घर सोडलं आणि तिथे टिनाचं घर बांधून राहायला गेलो. दोन्ही बाजूंना खोल उतार, वर नुसतं आभाळ. जागा माझ्याच पसंतीची.

पहिल्याच वैशाखात वावधन आलं. भरदुपारी ऊन एकाएकी पिवळं पडलं, पश्चिमेकडून धुळीचा लोट टेकडी चढत आला. अंगणातल्या कुरड्या गोळा करायलाही सवड मिळाली नाही. आम्ही दोघं बाजेखाली शिरलो. छप्पर कुरकुरलं, उचललं गेलं आणि गेलंच. नंतर ते खाली नाल्यात सापडलं, पापडासारखं दुमडलेलं.

दुसऱ्या दिवशी दीर टेम्पो घेऊन आले. "वहिनी, सामान भरा. वारा काई कोणाच्या बापाचं ऐकत नाई."

मी म्हटलं, "वाऱ्यानं छप्पर नेलं, जमीन नाई नेली. मले नाई यायचं खाली."

दीर रागारागानं रिकामा टेम्पो घेऊन गेले. मी मात्र एक गोष्ट पाहून ठेवली होती. अंगणातल्या कुरड्यांचा पत्ता नव्हता. पण पूर्वेच्या उतारावर, मोठ्या खडकाच्या आडोशाला घातलेल्या कुरड्या धुळीनं माखून जागच्या जागी होत्या. मी नवऱ्याला हाताला धरून तिथे नेलं. "घर इथं बांधू."

"कुरड्या पाहून घर बांधते का कोणी?"

"आपण बांधू."

तो हसला, आणि कुदळ आणायला गेला.

खालच्या वस्तीवरचं गोंड जोडपं मदतीला आलं. ती बाई नवऱ्याशी गोंडीत बोलायची, माझ्याशी वऱ्हाडीत, आणि दोन्हीकडे सारखीच दटावायची. काळे दगड वाहून माझे तळहात सोलवटले. पण भिंती जाड झाल्या, छप्पर बुटकं ठेवलं, तारांनी खडकाला बांधलं. दार उगवतीला.

पुढच्या वैशाखात वावधन पुन्हा आलं, या वेळी गारा घेऊन. छप्पर ढोलासारखं वाजत होतं. नवऱ्यानं माझा हात घट्ट धरला होता. बोललेलं ऐकूच येत नव्हतं. मग आवाज विरळ झाला. तो धावत बाहेर गेला, घराला फेरी मारून चिंब होऊन आला.

"एक खिळा नाई हालला!"

मग उताराच्या कडेला जाऊन, प्रवाशांना हाका मारायच्या त्या जुन्या आवाजात तो ओरडला, "घर जागेवर हाय होऽऽ!"

खालच्या वस्तीवरून त्या गोंड बाईचा आवाज आला, "दिसते जी, दिसते! कायले बोंबलता?"

मी धारेवर चढले. पायाखाली गारा कुरकुरत होत्या. वावधन आम्हाला ओलांडून खालच्या सपाट शेतांवरून पूर्वेला पळत होतं आणि मी वरून त्याची पाठ बघत होते. पदर भिजला होता, केस मोकळे सुटले होते. मी कमरेवर हात ठेवून मोठ्यानं हसले.