कोबाल्टाचे सहा सोबती

निळा रंग मी पुष्कळ पाहिला आहे. बोर धरणाच्या पाण्याचा पाहिला, हिंगणीच्या रानात उडणाऱ्या नीलकंठाच्या पंखांचाही पाहिला. पण यंदाच्या मे महिन्यात मंदाताईंच्या हाती दिलेल्या बोटभर कागदाची निळाई अशी होती, की नुसतं पाहूनच डोळ्यांना गारवा लागावा. गारव्याची गरजही होती म्हणा. सिंदी मेघेत त्या दिवसांत ऊन असं तापलं होतं, की आमच्या गल्लीतल्या सावल्यासुद्धा दुपारी घरात शिरून पंख्याखाली पडून राहत.

मी रसायनशास्त्राचा मास्तर. शेजारच्या मंदाताई लेकीच्या रुखवतासाठी गच्चीवर कुरडया वाळवत होत्या. प्राचीचं लग्न तोंडावर आलेलं. "आभाळाचा भरवसा नाई जी सर," त्या म्हणाल्या, तेव्हा कोबाल्ट क्लोराइडात भिजवून वाळवलेला तो कागद मी त्यांना दिला. हवा दमट झाली की हा गुलाबी होतो, एवढं सांगून थांबलो असतो तर मी कसला? नागपूरहून निघालेला ढग वाटेत बुटीबोरीला असतानाच याला कळतो, असंही ठोकून दिलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी कागद गुलाबी झाला. "पाणी येऊन राह्यलं वो, कुरडया उचला," ही मंदाताईंची हाक गिरडच्या टेकडीपर्यंत गेली असावी. साऱ्या गल्लीतल्या बाया गच्च्यांवर धावल्या, अर्ध्या ओल्या कुरडया टोपल्यांत कोंबल्या गेल्या. तशाच राहत्या तर संध्याकाळपर्यंत आंबल्या असत्या. आभाळ मात्र घासलेल्या परातीसारखं लखलखीत!

मी धावत जाऊन पाहतो, तर कागद कूलरच्या तोंडाशी टांगलेला.

"एवढा नाजूक निळा," मंदाताई म्हणाल्या, "उन्हानं करपन म्हणून गारव्यात ठेवला."

आमच्याकडे माया दाखवायची रीतच ही. पाहुणा असो, आजारी असो, की रुसलेला जावई, त्याला आधी कूलरपुढे बसवायचं. वाळ्याच्या ताट्यांतून आलेला तो ओला वारा रात्रंदिवस पिऊन कागदातला बिचारा क्षार दुसरं काय करणार होता?

कुरडया पुन्हा पसरल्या गेल्या आणि त्या उन्हात बघता बघता खडखडू लागल्या. मंदाताई मात्र जिन्यावर बसूनच राहिल्या.

"सर, जागा बदलली तं हा एवढा बदलते. माही प्राचीबी तिकडं जाऊन अशीच परकी होईन का जी?"

कुरडयांच्या आडून एवढे दिवस काय जपलं जात होतं, ते मला तेव्हा कळलं.

मग मी त्यांच्याशेजारी बसलो आणि वर्गात कधी शिकवलं नसेल इतक्या जिवापाड शिकवलं. कोबाल्टाभोवती बसायच्या जागा सहाच: चार चहूबाजूंना, एक माथ्यावर, एक पायाशी, अष्टफलकाची सहा टोकंच ती. कोरड्या निळ्या स्फटिकात सहाही जागांवर क्लोरीन असतो, आणि एकेक क्लोरीन तीन-तीन कोबाल्टांत सामाईक. थरावर थर रचलेलं ते भरलं एकत्र कुटुंबच. ओलावा आला की चार जागा पाणी धरतं, सामाईक संसार सुटतो, आणखी दोन पाण्याचे रेणू तर आत जागा नाही म्हणून अंगणातच थांबतात. नवी मंडळी, नवा रंग. पण बसायच्या जागा तशाच सहा.

"आन् जुने सारेच उठून जाते?"

"नाही ताई. दोन क्लोरीन राहतात. समोरासमोर, एक अलीकडे, एक पलीकडे."

भरपूर पाण्यात पार विरघळवलं तर तेही सुटतात, हे मी सोयीस्करपणे गिळून टाकलं. प्राचीचं सासर सेलूत होतं, समुद्रात नव्हे.

आपण वरचा रंग पाहतो आणि माणूस बदललं म्हणून मोकळे होतो. आत जुनं कोण अजून जागा धरून बसलं आहे, याची चौकशी कोण करतं?

मंदाताईंनी पदराने तोंड पुसलं.

"मंग ते दोन म्हणजे मी आन् तिचा बाप," त्या म्हणाल्या. "फक्त त्याले पलीकडच्या बाजूले बसवा जी. लय घोरते."