साडेतीनची गाडी आणि मागचा पत्रा

आमच्या फाट्यावरची बसथांब्याची शेड खरं तर कोकणासाठी जन्मली होती. चुकून जालना जिल्ह्यात नांदायला आली. मागं जमिनीपर्यंत पत्रा, छताला उतार, कडेला पन्हाळ. अगदी अशीच शेड मी एकदा कोकणात पाहिली आणि हात जोडले. तिथला पाऊस आडवा येतो. इतका आडवा की माझ्या डाव्या खिशात शिरून उजव्यातून बाहेर पडला. पण शेडमध्ये बसलेली म्हातारी कोरडी ठणठणीत, तिच्या हातातली विडीसुद्धा पेटलेली! ज्यानं ती शेड आखली, त्याला पाऊस कळत होता.

आमच्याकडं आभाळातून पाणी कमी आणि विस्तव जास्त पडतो. त्यात शेडचं तोंड रस्त्याकडं, म्हणजे मावळतीला. दुपारी ऊन सरळ आत येऊन स्टीलच्या बाकावर बसायचं. त्या बाकावर मी डब्यातली भाकर ठेवली, तर ती पुन्हा फुगली. खोटं वाटत असेल त्यानं मे महिन्यात यावं. येताना पिठाचा गोळा आणावा.

पण आमची माणसं हुशार. सावली कुठं पडणार हे त्यांना घड्याळाच्या आधी कळतं. दुपार कलली की सगळे शेडच्या मागं, पत्र्याच्या आडोशाला पोतं अंथरून बसायचे. माठ तिथं, पानसुपारी तिथं, सोयरिकीही तिथंच जुळायच्या. घोटाळा एवढाच, की साडेतीनच्या गाडीच्या ड्रायव्हरला रस्त्यावरून शेड रिकामी दिसायची. आम्ही उठून, चपला शोधून पुढं येईस्तोवर नुसता धुरळा उरलेला.

महिनाभरानं निरोप आला. या थांब्यावर माणूसच नसतो म्हणे. डेपोचे साहेब बघून जातील, मग थांबा बंद. माझी धाकटी बहीण नर्सिंगला. याच गाडीनं तालुक्याला संध्याकाळच्या ड्युटीवर जायची, मुक्कामी गाडीनं परत यायची. आधीच तिचे खाडे वाढलेले. वडील जेवताना एवढंच म्हणाले, "गाडी न्हाई, तर शिक्षण बी न्हाई." ती ताटावरून उठून गेली.

साहेब आले ते कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून. परतणार होते साडेतीनच्याच गाडीनं. शेडमध्ये चिटपाखरू नाही हे बघून त्यांनी कागद काढला, 'प्रवासी निरंक' असं लिहायला बाकावर टेकले आणि छताला डोकं लागेल एवढे उडाले.

"साहेब, इकडं या! तिथं भाजून निघाल," पत्र्यामागून आमच्या चुलत्यांनी हाक मारली. चुलते गवंडी. वरून आलेल्या नकाशाबरहुकूम शेड त्यांनीच उभी केलेली.

साहेब मागं आले. पोत्यांवर तेवीस माणसं.

"इथं काय करताय तुम्ही?"

"गाडीची वाट पाहून राह्यलो."

"मग समोर बसा ना!"

"तुम्ही बसल्ते की आत्ता," चुलते म्हणाले. "पुन्हा एकदा बसून दाखवा, मंग आम्ही बी येतो."

बहिणीनं माठातलं पाणी दिलं. साहेबांनी बूट काढले, मांडी घातली, पान तोंडात टाकलं. तेवढ्यात हॉर्न ऐकू आला. ते अनवाणीच रुमाल हलवत धावले. पण त्यांची गाडी त्यांच्या नाकासमोरून निघून गेली.

"आता लिहा, साहेब," मागून एक आजी म्हणाल्या, "निरंक!"

हसून हसून माठ कलंडला. साहेबही हसले, तळपाय झाडत. "मग काय, अख्खी शेड फिरवायची?"

"तो खर्चा कशाला?" चुलते उठले. "छताची सावली तशी बी मागंच पडती. हा पत्रा निस्ता ड्रायव्हरचा डोळा झाकून राह्यलाय. नकाशात व्हता म्हणून मी बसवला, आता मीच काढतो. पाना आणा जल्दी!"

सरपंच पोत्यावरच होते. त्यांनी मान डोलावली, ठराव मंजूर झाला. अर्ध्या तासात पत्रा खाली. आरपार असा वारा सुटला की साहेबांचा तो कागद उडाला, आणि साहेबांनी तो उडू दिला! नकाशावाल्यांना जे सुचलं नाही, ते आमच्या चुलत्यांना एका पान्यात सुचलं. मी तर म्हणतो, वाळवंटातल्या राजांनी त्यांना विमानानं न्यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला ड्रायव्हरला शेडमधून आरपार आम्ही दिसलो. त्यानं असा ब्रेक मारला की वडीगोद्रीपर्यंत कोंबड्या उडाल्या असतील. बहीण सगळ्यांच्या आधी चढली. वडिलांनी खिडकीतून तिच्या हाती डबा दिला आणि म्हणाले, "ड्युटीवर पोचली की फोन कर."