स्प्रिंगात भरलेला पेंढा

आधी हातातला चहा संपवा, मग ऐका. घोट तोंडात असताना ऐकलंत तर समोरच्याच्या अंगावर उडेल! माझ्या हातून असा घोळ झालाय की आमच्या रोह्याच्या आळीत गवताची काडी दिसली तरी लोक माझ्याकडे बघून हसतात.

आमच्या शेजारी इरफान राहतो. बरीच वर्षं आखातात गॅरेजमध्ये होता, आता इथेच गॅरेज टाकलंय. त्याने सुटे भाग मागवून घरच्या अंगणात एक गाडी जोडली. लिंबासारखी पिवळी, बुटकी, वरून उघडी. आता शेजारच्या अंगणात अख्खी गाडी तयार होतेय आणि मी घरात बसून वाल सोलू? मी सूप घेऊन कुंपणापाशीच!

गाडी झाली झकास, पण चालताना अशी आदळायची की विचारू नका. त्याची आई, आमच्या आपा, एकदा स्टेशनपर्यंत बसून गेल्या आणि परत रिक्षाने आल्या.

"इरफान, माझी कंबर गेली! एकतर ही नीट कर, नायतर भंगारवाल्याला बोलाव."

इरफान हट्टाला पेटला. त्याने नवीन सस्पेन्शन मागवलं. कॉइलओव्हर म्हणतात त्याला. म्हणजे जाड शॉकअॅब्सॉर्बर आणि त्याच्याच अंगावर चढवलेली स्प्रिंग. रिंग फिरवली की गाडीची उंची कमीजास्त होते, बटण फिरवलं की मऊ-कडक.

आणि मला काय अवदसा आठवली! मी भर आळीत सांगून टाकलं, "आपा, ह्या वर्षी आमचा बाप्पा पेणहून ह्याच गाडीतून येणार!"

पेण माझं माहेर. भावाचा मूर्तींचा कारखाना आहे, आमची मूर्ती तिथूनच येते.

आपा म्हणाल्या, "ठीक हाय. मूर्ती धड आली तर गाडी राहील. टवका जरी उडाला, तर गाडी भंगारात. देवाच्या बाबतीत मला हयगय नाय चालायची."

झालं! पोराची सगळी मेहनत माझ्या जिभेमुळे टांगणीला लागली.

इरफानने मात्र कंबर कसली. बोल्ट भोकात जाईना, तर भोकाची कड घासली. तरी जाईना, तर सगळं उतरवून पुन्हा लावलं. घामाने निथळत होता, पण थांबला नाही. आणि मी? मी सल्ले देत होते!

"इरफान, ह्या वेटोळ्यांत एवढ्या फटी का रे?"

"काकी, फट हाय म्हणून तर स्प्रिंग दबते."

दबते! म्हणजे मूर्ती हलणार! अहो, मी कारखान्यात वाढलेली बाई. मूर्ती बांधताना आमच्याकडे एकच शिकवण: फट दिसली की पेंढा ठासायचा, वर कापड गुंडाळायचं, करकचून बांधायचं. हललं की सोंडेला तडा गेलाच म्हणून समजा.

निघायच्या सकाळी इरफान आंघोळीला गेला. बाप्पाचं वजन मागच्या चाकांवर येणार, म्हणून मी मागच्या दोन्ही स्प्रिंगांत पेंढा ठासला. एक फट ठेवली नाही! वरून जुन्या साडीच्या चिंध्या गुंडाळून गाठी मारल्या. त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नको म्हणाला असता ना!

रोहा सोडलं आणि पहिला खड्डा आला. ठण्ण! माझे दात वाजले. इरफानचा चेहरा उतरला. गाडी थांबवून त्याने बटण फिरवलं, मऊ केलं. पुढचा खड्डा. ठण्ण!

"बघ, मी म्हटलं नव्हतं, तुझं हे नवीन सामानच खोटं?" हे कोण म्हणतंय? मी!

भिसे खिंडीत तो अगदी रडवेला झाला. "काकी, मूर्ती तुम्ही टेम्पोनेच आणा." मग स्वतःच मान झटकून म्हणाला, "नाय! नागोठण्याला थांबून सगळं परत खोलतो. सोडणार नाय मी."

नागोठण्याला चहाच्या टपरीपाशी थांबलो. तो पाने काढतोय, एवढ्यात एक गाय आली. सरळ मागच्या चाकाशी गेली, आत तोंड घातलं आणि ओढायला लागली.

टपरीवाला ओरडला, "ओ भाऊ, गाय गाडी खातेय!"

मी धावले. "हट! हट!" गाय कसली हटते! तिने हिसका मारला आणि साडीच्या चिंधीसकट पेंढ्याचा पेंडका बाहेर!

इरफान पाना टाकून चाकापाशी वाकला.

"काकी, हा काय प्रकार हाय?"

"पेंढा."

"ते दिसतंय. स्प्रिंगात कसा आला?"

"वाऱ्याने आला असेल रे."

"आणि वाऱ्यानं वरून तुमची साडी गुंडाळली? गाठ मारून?"

टपरीवाल्याने चहाचे पैसे घेतले नाहीत, म्हणाला, एवढी करमणूक कधी झाली नव्हती. उरलेला पेंढा आम्ही उपसून गाईलाच घातला. इरफानने बटण जागेवर आणलं आणि अहो, काय सांगू! त्यापुढे पेणपर्यंत गाडी होडीसारखी गेली. तेच खड्डे, पण पोटातलं पाणी हललं नाही.

पेणला भावाने मूर्ती बांधून दिली. इरफानने ती शेजारच्या सीटवर बसवली, चारी बाजूंनी उशा लावल्या, पट्टा बांधला.

"आणि मी?"

"सीट दोनच हायत, काकी."

अहो, पहिल्या बोल्टापासून ती गाडी मी कुंपणावरून बघत होते, पण सीट मोजायच्या राहिल्या!

"मग बाप्पाला मांडीवर घेते ना."

"नको. तुमचे हात जरा लांबच बरे."

मी आले एसटीने, मागच्या बाकावर. वडखळपासून माझा एकेक मणका वेगळा झाला.

आळीत पोचले तर बाप्पा कधीच चौरंगावर, सोंडेला ओरखडाही नाही. आणि आपा पिवळ्या गाडीवरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडत दृष्ट काढत होत्या. जीव भांड्यात पडला! मी कमरेला हात लावून, कण्हत कण्हत पायरी चढले.

आमच्या ह्यांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाले, "काय गो, एसटीच्या स्प्रिंगातपण भरलास काय?"