फुलांच्या किनारीचा फोटो

...हां, तर काल ठाकोरभाईंच्या पाहुण्यांपर्यंत आलो होतो. नडियादला आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे हे निवृत्त पोस्टमास्तर. समाजातल्या लग्नाच्या मुलामुलींचे फोटो, माहिती घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर ठेवायचे. त्या दिवशी बोरसदच्या मंडळींना एक मुलगी दाखवत होते, तोच पडद्यावर तिच्या शेजारी चिंधीभर कपड्यातल्या बाईची जाहिरात उघडली. मिटवली तर दोन आल्या. मुलाच्या आईनं डोक्यावर पदर ओढला, चहा तसाच ठेवून मंडळी उठली.

खापर फुटलं सुनेवर. फाल्गुनी संध्याकाळी त्यावर पाककृती बघायची ना. ठाकोरभाई समाजाच्या बैठकीतही बोलून आले, "वहूचे उद्योग." मीही तिथं मान डोलावली होती. फाल्गुनीला कॉम्प्युटर बंद झाला.

पंधरा दिवस तिनं हात लावला नाही, तरी बायका येतच राहिल्या. शेवटी तिलाच बोलवावं लागलं. मी शेंगदाणे खात बाजूला बसलो होतो.

"हात लावू ना, बापुजी? उद्या पुन्हा माझंच नाव निघेल."

"लाव, बेटा," ते पुटपुटले.

तिनं प्रोग्रॅमची यादी काढली, नको ते नाव उडवलं, यंत्र बंद करून पुन्हा लावलं. बाई हजर. "मूळ राहिलंय," फाल्गुनी म्हणाली. मशीन सुरू होताना आपोआप काय उठतं ते शोधून तिनं बंद केलं, त्याचा अख्खा फोल्डर फेकला, इंटरनेटच्या खिडकीला चिकटलेली जादा पट्टी सोलून काढली. आता नुसत्या मुलीचा फोटो राहिला, फुलांच्या किनारीसकट.

"किनारीचा प्रोग्रॅमही काढते. यानंच सगळ्यांना आत घेतलं. यादीत सगळ्यांची उतरवल्याची तारीख एकच होती, बापुजी. चौदा जानेवारी."

शेंगदाणा माझ्या तोंडातच राहिला. उत्तरायणाला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, सगळं नडियाद पतंग उडवत छपरावर. फाल्गुनी दिवसभर आमच्याच गच्चीवर फिरकी धरून. खाली होते गुडघेदुखीचे ठाकोरभाई एकटे. फोटोंना किनार लावायला त्यांनी फुकटचा प्रोग्रॅम उतरवला होता, आणि विचारलं तिथं 'हो' दाबत गेले होते.

त्यांची मान वर होईना. फाल्गुनीनं हळूच विचारलं, "रविवारी बैठकीत काय सांगणार?"

"तुझं नाव मी उभं राहून घेतलं होतं, माझंही उभं राहूनच घेईन. फक्त तू समोर बसू नकोस, बेटा. तुझ्याकडे बघून माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही."