भिंतीपलीकडचा एजंट

बोईसरला माझ्या इस्त्रीच्या दुकानाला लागूनच त्याचं ऑफिस आहे. जुने-नवे फ्लॅट विकून देतो. पूर्वी तो ऑफिसात सापडायचाच नाही. कुठल्या तरी वॉचमनबरोबर तंबाखू मळत, नाहीतर चहाच्या टपरीवर बसून, कोण घर विकतंय याचा माग काढायचा. मग एका कंपनीला पैसे भरून गिऱ्हाइकांचे नंबर घ्यायला लागला आणि टपरी सुटली. आता दिवसभर मोबाईलसमोर बसतो. नंबर आला की घसा खाकरतो आणि लगेच फोन लावतो, कारण कंपनी तोच नंबर आणखी एजंटांनाही विकते.

"पयला फोन आपलाच लागला पायजे, दादा," म्हणतो.

इस्त्रीवर घर चालेना, तेव्हा मी बेटेगावचा फ्लॅट विकायचं ठरवलं. ओळखीत सांगायची लाज वाटली, म्हणून मोबाईलवर एका साइटवर माहिती टाकली. थोड्या वेळाने भिंतीपलीकडे घसा खाकरल्याचं ऐकू आलं. माझा फोन वाजला.

"नमस्कार सर, आपल्याला फ्लॅट विकायचा आहे ना?"

तोच आवाज भिंतीतूनही येत होता.

"अरे, मी शेजारचा," मी म्हणालो.

तो उठून माझ्या दारात आला. फोन अजून कानालाच होता.

"माज्याआधी कोनाचा आला काय?"

दोघांचे येऊन गेले होते. मी नाही म्हणालो. त्याने फोन खाली घेतला, तेवढ्यात माझा पुन्हा वाजला.

"उचला, दादा," तो म्हणाला. "त्यानी पन पैसे भरलेत."