मडगार्डवर बसलेले यजमान

लग्न होऊन धुळ्याला आले तेव्हा सासरच्या अंगणात एक मोटार उभी होती, पण तिला इंजिन नव्हतं. लढाईच्या आधीची, कापडी टपाची लांबलचक गाडी. पुढचं बॉनेट काढून भिंतीला टेकवलेलं, आणि इंजिनाच्या रिकाम्या जागेत शेजारच्यांची कोंबडी अंडी घालायची. माझ्या यजमानांचं आग्रा रोडला छोटं गॅरेज होतं. ही गाडी त्यांनी मोडीत घेतली होती. तिच्यात दुसरं इंजिन बसवून ती लग्नाच्या वऱ्हाडांना, दवाखान्यात जाणाऱ्यांना भाड्याने द्यायची, असा त्यांचा बेत होता.

स्वातंत्र्य मिळून फार वर्षं झाली नव्हती. लष्कराचा जुना माल लिलावात निघायचा. तिथून त्यांनी एका ट्रकचं इंजिन मिळवलं आणि बैलगाडीत घालून घरी आणलं. पुढचे कित्येक रविवार ते इंजिन मोटारीत उतरवण्यात गेले. सासरे, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो, ओट्यावर बसून बघत असत. त्यांनी या उद्योगाला कधी चांगलं म्हटलं नाही आणि वाईटही म्हटलं नाही.

इंजिन सुरू झालं त्या दिवशी गल्ली गोळा झाली. पण गाडी गावाबाहेर पडते न पडते तोच रेडिएटरच्या तोंडातून वाफ उसळली. यजमान अंगभर ओले होऊन, गाडीला दोन बैल जुंपून परत आले.

त्या रात्री जेवताना त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. इंजिन तापू नये म्हणून त्याच्या अंगातून पाणी फिरतं. तापलेलं पाणी वरच्या नळीने रेडिएटरमध्ये जातं, तिथे वाऱ्याने निवतं, आणि खालच्या नळीने पंप ते परत इंजिनात ओढून घेतो. आमच्याकडे रेडिएटर मोटारीचा आणि इंजिन ट्रकचं. रेडिएटरचं खालचं तोंड उजवीकडे, पंपाचं डावीकडे. म्हणून एक लांब रबरी नळी वाकवून या बाजूची त्या बाजूला न्यावी लागली होती. इंजिन लांब असल्याने रेडिएटरही पुढे आणि थोडा खाली बसवला होता.

त्यांनी धुण्याचा सोडा घालून रेडिएटर साफ केला. पंप उघडून पाहिला, पंख्याचा पट्टा बदलला. अंगणात गाडी कितीही वेळ चालू ठेवली तरी शांत असायची. रस्त्यावर वेग घेतला की उकळायची.

"पळताना आत काय होतं ते मला दिसतच नाही," एका रात्री जेवताना ते म्हणाले. "मी स्टिअरिंगवर बसलेला. थांबून बॉनेट उघडावं तर सगळं जागच्या जागी."

गॅरेजात मदतीला असलेला माणूस कापसाच्या हंगामामुळे जिनिंगमध्ये गेला होता. त्यांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू चालवशील?"

मला वाटलं, थट्टा करतात. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी गॅरेजातली एक गिऱ्हाइकाची गाडी, त्याला विचारून, पांझरेच्या काठी मोकळ्यावर नेली. मी यावलकडची, केळीच्या मळ्यातली. माहेरी मोट हाकलेली होती, बैलगाडी हाकलेली होती. मोटारीचं तसं काही नसतं हे पहिल्याच दिवशी कळलं. क्लच सोडला की ती उडी मारून बंद पडायची. नऊवारीचा काष्टा मात्र फार उपयोगी पडला. आठवडाभरात मी गाडी सरळ नेऊ लागले.

आबांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बठ्ठं गाव देखी राह्यनं शे, पोरी. हळू जाय." सगळं गाव बघतंय, ही ताकीद होती; पण त्यात नकार नव्हता, एवढं मला समजलं.

सकाळी लवकर निघालो. बॉनेट काढून ठेवलेलं. यजमान पुढच्या मडगार्डवर बसले, एका हाताने दिव्याचा दांडा धरून, तोंड इंजिनाकडे. मी पदर कमरेला खोचून गाडी सोनगीरच्या रस्त्याला लावली. समोरून येणारे गाडीवान बैल थांबवून बघत राहिले. माझं लक्ष रस्त्यावर कमी आणि यजमान पडतात की काय याच्यावर जास्त.

"वाढव," ते ओरडले. मी वेग वाढवला. "अजून." आणखी वाढवला. ते एकदम वाकले आणि हसायला लागले. "दिसलं. थांबू नकोस, मला नीट बघू दे."

झालं असं होतं की गरम होऊन नळी मऊ पडायची, आणि वेग वाढला की पंपाच्या ओढीने वळणावर चपटी होऊन मिटायची. पाणी फिरायचंच बंद. गाडी थांबवली की नळी पुन्हा फुगून गोल. म्हणून उभ्या गाडीत दोष सापडत नव्हता.

त्यांनी जाड तार सळईवर गुंडाळून तिची स्प्रिंग केली आणि नळीच्या आत घातली. पुन्हा तसेच निघालो. या वेळी गाडी सोनगीरपर्यंत गेली, पण किल्ल्याजवळ परत वाफ निघाली. मी रस्त्याच्या कडेला चढावर गाडी थांबवली. ती निवल्यावर यजमानांनी विहिरीवरून पाणी आणून भरलं. येताना मात्र ती अजिबात उकळली नाही. यजमान बुचकळ्यात पडले.

घरी आल्यावर मी म्हणाले, "तिथे तिने जास्त पाणी घेतलं. अंगणात एवढं कधी मावत नाही."

"उकळून उडालं असेल."

"उडालं त्याहून जास्त. तिचं तोंड वर होतं ना चढावर."

ते उठून अंगणात गेले. कंदील धरून इंजिन आणि रेडिएटर यांची उंची दोरीने ताडून पाहिली. रेडिएटर खाली बसवल्याने इंजिनाचा माथा त्याच्यापेक्षा उंच झाला होता. पाणी भरताना तिथली हवा कोंडून राहायची आणि तेवढा भाग कोरडाच तापायचा. चढावर रेडिएटर वर गेला, हवा निघून गेली.

त्यांनी रेडिएटरखाली सागाचे ठोकळे घालून तो उचलला आणि नळ्या त्या उंचीला नव्याने कापल्या. बॉनेट बसेना, तेव्हा पत्र्याच्या कारागिराकडून त्याला वर फुगवटा करून घेतला. गाडी दिसायला विचित्र झाली, पण तिला आता ताप येत नव्हता.

मग आम्ही जळगावला निघालो, माझ्या भावाकडे. पारोळ्यापर्यंत ते, पुढे मी. या खेपेला ते मडगार्डवर नव्हते, माझ्या शेजारी बसले होते, आणि एरंडोलच्या पुढे चक्क झोपले. दर थोड्या वेळाने मी पुढे बघायची. वाफ नाही. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता.

परतताना पारोळ्याला चहासाठी थांबलो. एक म्हातारे गृहस्थ गाडीभोवती फिरून आले, बॉनेटच्या फुगवट्यावरून हात फिरवला आणि यजमानांना विचारलं, "भाऊ, पोरीच्या लग्नाला ही मोटार मिळेल का? वरात आहे."

यजमानांनी माझ्याकडे पाहिलं.

"मिळेल," मी म्हणाले. "आम्ही दोघं येऊ."